चिपांच्या गावी, पाटाच्या कडेने

लेक तैवानमधल्या सिंचूत चिपच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर आहे. तिथल्याच विद्यापीठात शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. यंदा तिला दिवाळीत सुट्टी मिळाली नाही. मग आम्ही दोघंच फराळाचे डबे घेऊन निघालो. मी चौतीस वर्षं पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. फळ्यावर ट्रान्झिस्टरचा छेद काढून किती पिढ्यांना समजावला असेन, पण तो जिथे घडतो ती जागा कधी पाहिली नव्हती. लेकीने फोनवरच सांगून ठेवलं होतं, "बाबा, आतून काही दाखवता येणार नाही हं. मलाच आत जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो." म्हटलं, बाहेरून दाखव. बाहेरून जे दिसलं, ते लिहितो आहे.

पहिला दिवस : तैपेई

मुंबईहून हाँगकाँग आणि तिथून ताओयुआन. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. विमानतळावर लेक दिसली आणि हिचा थकवा उतरला. रात्री मुक्काम तैपेई स्टेशनाजवळ केला, कारण सकाळी मला एक गल्ली बघायची होती.

दुसरा दिवस : नानयांग रस्ता, मग सिंचू

स्टेशनाजवळच्या या नानयांग रस्त्यावर सगळीकडे शिकवण्यांच्या पाट्या. आपल्याकडे क्लासची गल्ली असते तशी. कोपऱ्यावर आम्ही नाश्ता केला : वाडगाभर गरम सोयादूध आणि त्यात बुडवून खायची लांब, खुसखुशीत तळलेली काडी. शाकाहारी पदार्थांवर इथे एक ठरावीक चिनी अक्षर असतं. ते लेकीने आईला पहिल्याच दिवशी पाठ करून दिलं.

7 फेब्रुवारी 1974 च्या सकाळी याच रस्त्यावरच्या एका सोयादुधाच्या दुकानात सात माणसं नाश्त्याला बसली होती. त्यांत तैवानचे आर्थिक व्यवहार मंत्री सुन युन-सुआन होते आणि अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत काम करणारे पान वेन-युआन होते. तेलाच्या संकटाला काही महिनेच झाले होते. स्वस्त मजुरीवर किती दिवस काढायचे, पुढे काय करायचं, हा प्रश्न होता. पान म्हणाले, इंटिग्रेटेड सर्किट करा, सुरुवात इलेक्ट्रॉनिक घड्याळापासून करा. किती वर्षं लागतील? चार. किती पैसे? एक कोटी डॉलर. मंत्र्यांनी होकार दिला. 1976 मध्ये आरसीएशी करार झाला आणि तरुण अभियंत्यांची तुकडी शिकायला अमेरिकेला गेली. पुढच्याच वर्षी सिंचूजवळच्या सरकारी संशोधन संस्थेत छोटा नमुना कारखाना सुरू झाला. तिथल्या चिपवरची सर्वांत बारीक रेघ 7 मायक्रॉनची होती. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.)

मला ते दुकान कुठे दिसलं नाही. तरी मी वाडगा हातात धरून बराच वेळ बसलो. आपल्या मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये, म्हणजे सरकारी चिप-कारखान्यात, 1984 मध्ये 5 मायक्रॉनचं उत्पादन सुरू झालं होतं. म्हणजे आपण फार मागे नव्हतो. 1989 च्या फेब्रुवारीत तिथे आग लागली, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली होती. पोरं गप्प बसली होती. तो कारखाना पुन्हा उभा राहीपर्यंत जग कुठल्या कुठे निघून गेलं. या गोष्टीचं दुःख मला आजही आहे, आणि त्या गल्लीत ते पुन्हा वर आलं.

दुपारी वेगवान रेल्वेने सिंचू गाठलं. अर्ध्या तासाचा प्रवास. स्टेशनातून बाहेर पडताच वाऱ्याने हिचा पदर उडवला. या गावाला वाऱ्याचं शहर म्हणतात. हिवाळ्याच्या तोंडाला इथे समुद्राकडून कोरडा वारा सुटतो. त्यावर तांदळाच्या शेवया वाळवतात आणि त्या शेवयांसाठी हे गाव चिप येण्याच्या कितीतरी आधीपासून प्रसिद्ध आहे. हिने पिशवीत हात घालून आपल्या शेवयांचं पुडकं काढलं. रात्री दोन्ही प्रकार शिजवले. त्यांच्या शेवया केसासारख्या बारीक.

तिसरा दिवस : सायन्स पार्क

सिंचू सायन्स पार्क 1980 च्या डिसेंबरात सुरू झालं. एका अंगाला दोन नामांकित विद्यापीठं, जवळच ती सरकारी संशोधन संस्था. सकाळी आठला पार्काकडे जाणाऱ्या रस्त्यावर स्कूटरींचा लोंढा होता. आतले रस्ते रुंद, झाडी दाट, इमारती मात्र खिडक्या नसल्यासारख्या. रस्त्यांची नावं लेकीने वाचून दाखवली : एकाचा अर्थ 'नवनिर्मिती', एकाचा 'संशोधन आणि विकास', एकाचा 'नेटाने करणे'. मला ते तिसरं नाव आवडलं.

इथेच टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं संग्रहालय आहे. आधी नाव नोंदवलं की विनामूल्य बघता येतं. कंपनीचे संस्थापक मॉरिस चँग यांच्यासाठी एक वेगळा भाग आहे. जन्म 1931 चा, चीनमधल्या निंगबोचा. पंचवीस वर्षं अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये काढली. 1985 मध्ये, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, तैवान सरकारच्या बोलावण्यावरून ते त्या संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून इथे आले. 1987 मध्ये सरकार, फिलिप्स आणि काही स्थानिक गुंतवणूकदार यांच्या पैशावर ही कंपनी काढली. मी नोकरीला लागलो तेही याच साली, म्हणून आकडा डोक्यात पक्का बसला.

चँग यांची कल्पना हिला समजावून सांगताना मला पिठाची गिरणी सुचली. त्या काळी जी कंपनी चिपचा आराखडा काढायची, तीच ती बनवायची. ज्याचं शेत त्याचीच गिरणी आणि त्याचीच खानावळ. चँग म्हणाले, मी फक्त गिरणी चालवीन. दळण तुमचं, पीठ तुमचं. मी स्वतःच्या भाकरी विकायला बसणार नाही, म्हणून तुमच्या धान्याला माझ्यापासून धोका नाही. या एका वचनावर जगभरात आराखडे काढणाऱ्या, पण स्वतःचा कारखाना नसलेल्या कंपन्या उभ्या राहिल्या. आज सगळ्यांत प्रगत चिपांपैकी सुमारे 90 टक्के या बेटावर बनतात.

ही म्हणाली, "मग गिरणीत असं अवघड काय असतं?"

त्यावर लेक अर्धा तास बोलली आणि मी विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो. ताटाएवढी, 300 मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती. तिच्यावर थर चढवायचा, प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग कोरून काढायचा, धुवायची आणि पुन्हा नवा थर. अशा हजारावर पायऱ्या. एक चकती आत गेली की तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने. प्रकाश ज्या दालनात वापरतात तिथे सगळीकडे पिवळे दिवे, कारण चकतीवरचा लेप निळ्या उजेडाने खराब होतो. चकत्यांचे बंद डबे छताला टांगलेल्या रुळांवरून आपोआप धावतात. माणसं थोडी. सगळ्यांत बारीक नक्षीसाठी लागणारं यंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनची एएसएमएल. त्या यंत्रात कथिलाचे थेंब सेकंदाला 50,000 वेळा सुटतात, प्रत्येकाला लेझर टिपतो आणि त्यातून 13.5 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) लांबीच्या लहरींचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवासुद्धा गिळून टाकते, म्हणून सगळा मार्ग निर्वात. भिंगांतूनही तो पार होत नाही, म्हणून आरसे, आणि ते आरसे जर्मनीच्या झाइसचे. चकत्या आणि लेप बहुतांशी जपानचे.

"आणि धुवायला पाणी," लेक म्हणाली. "बाबा, तुम्ही शिकवायचात ना, शुद्ध पाण्याची रोधकता?"

18.2 मेगोह्म-सेंटिमीटर. हा आकडा मी परीक्षेत विचारत असे. इतकं शुद्ध पाणी की त्यात विजेला वाहून नेणारं जवळजवळ काहीच उरत नाही. जवळजवळ प्रत्येक कोरणीनंतर चकती त्यात धुतात. 2019 साली या एका कंपनीच्या तैवानमधल्या कारखान्यांना दिवसाला दीड लाख टनांहून जास्त पाणी लागत होतं. आत घेतलेल्या पाण्यापैकी 85 टक्क्यांहून अधिक पुन्हा वापरात येतं. तरीही बाहेरून रोज आणावं लागतं ते एवढं. तो आकडा ऐकल्यावर मी पुढचं यंत्रांबद्दलचं नीट ऐकलंच नाही. मी धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठचा माणूस. दीड लाख टन म्हटलं की डोळ्यांसमोर पाट येतो.

संध्याकाळी लेकीच्या टेबलाचा फोटो पाहिला, ऑफिसातला, कारखान्याबाहेरचा. संगणकाशेजारी हिरव्या रंगाचं खाऊचं पाकीट. तैवानमध्ये सगळीकडे हे आहे म्हणे : ग्वाय-ग्वाय नावाचे मक्याचे कुरकुरे. नावाचा अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. यंत्राजवळ ठेवलं की यंत्र बिघडत नाही. पाकीट हिरवंच हवं, खोबऱ्याच्या चवीचं. पिवळं-लाल चालत नाही. आणि त्यावरची तारीख उलटून गेलेली चालत नाही. हिला यात काही नवल वाटलं नाही. "खंडेनवमीला तुम्ही लॅबमधल्या ऑसिलोस्कोपला झेंडू वाहायचात, तसंच की." खरंच तसंच आहे. ज्या वस्तूवर पोट चालतं तिला हात जोडावेत, ही भावना मला तिथे ओळखीची वाटली.

चौथा दिवस : बाओशानचा तलाव

लेकीला सुट्टी नव्हती. आम्ही दोघं तिच्या मैत्रिणीबरोबर बाओशानला गेलो. सिंचूच्या दक्षिणेला टेकड्यांत दोन धरणं आहेत, जुनं बाओशान आणि 2006 मध्ये पूर्ण झालेलं दुसरं बाओशान. पार्काचं पाणी मुख्यतः इथलं. जुन्या तलावाभोवती पायवाट आहे, झुलता पूल आहे, म्हातारी माणसं फिरायला येतात. पाणी हिरवं, काठोकाठ. याच बाओशान परिसरात टीएसएमसीने 2 नॅनोमीटर पिढीच्या चिपांचा नवा कारखाना उभारला आहे. झाडांमागून त्याचे उंच क्रेन दिसत होते.

2020 मध्ये छप्पन वर्षांत पहिल्यांदा एकही टायफून तैवानच्या भूमीवर आला नाही. आपल्याला वादळ म्हणजे संकट वाटतं, इथे ते धरण भरणारं वर्षाचं पाणी असतं. 2021 च्या वसंतात हे दोन्ही तलाव तळाला गेले. कारखान्यांनी टँकर लावले. सरकारने सुमारे 74,000 हेक्टर भातशेतीचं पाणी बंद केलं आणि शेतकऱ्यांना भरपाई दिली. कारखाने थांबले नाहीत.

झुलत्या पुलावर एक आजोबा भेटले. त्या मुलीने आमच्यासाठी त्यांचं बोलणं उलगडून सांगितलं. त्यांचं खाली भाताचं शेत होतं. पैसे मिळाले, तक्रार नाही म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, पण शेतात पाणी नसलेला वसंत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. बेडूक ओरडले नाहीत.

इथे मला फडाबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या साक्री तालुक्यात पांझरेवर दगडी बंधारे आहेत, काही तीन-चारशे वर्षांचे. बंधाऱ्याखालची जमीन साधारण चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक, दरसाल पीक फिरतं. प्रत्येक घराचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असतो. पाणी पाटकरी सोडतो, ज्याचं बारं, म्हणजे पाण्याची पाळी, त्याला. जागल्या रात्री राखतो. पाऊस कमी झाला तर एक फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटाही सगळ्यांचा सारखा. माझ्या वडिलांनी एका वर्षी ऊस जळू दिला, कारण बारं दुसऱ्या फडाचं होतं. पाणी कमी पडलं तर कमी कोणाचं करायचं, हे आमच्याकडे पाऊस पडायच्या आधी ठरलेलं असे.

तैवानने जे केलं ते चूक, असं मी म्हणणार नाही. एका तलावाच्या पाण्यात जगभरच्या फोनांचं, गाड्यांचं, इस्पितळातल्या यंत्रांचं काम अडकलेलं होतं. पण बारं ज्याचं चुकलं त्याचं नाव त्या चिपवर कुठे नसतं. ते मला त्या पुलावर फार लागलं.

पाचवा दिवस : शिनपू

हाक्का नावाच्या चिनी समाजाच्या शिनपू गावात तेंदूसारखी केशरी फळं, पर्सिमन, सोलून सुपांमध्ये वाऱ्यावर वाळत घातलेली पाहिली. अंगणभर केशरी. हिने दोन किलो घेतली. रात्री पलंग किंचित हलला आणि आम्ही दोघं उठून बसलो. लेक झोपेतच म्हणाली, "लहान आहे, झोपा." 3 एप्रिल 2024 च्या मोठ्या भूकंपात ती आत होती. सगळे शिस्तीत बाहेर आले आणि थोड्याच तासांत बहुतेक यंत्रं पुन्हा सुरू झाली. हे तिने आम्हाला तेव्हा फोनवर सांगितलं नव्हतं.

सहावा दिवस : ताइनान

वेगवान रेल्वेने दक्षिणेला. ताइनानचं सायन्स पार्क सपाट मैदानात आहे. पूर्वी ही सगळी सरकारी साखर कंपनीची उसाची जमीन होती. आजही जवळच शानहुआला साखर कारखाना चालू आहे. तैवानमध्ये उसाचं गाळप करणारे दोनच कारखाने राहिले, त्यातला हा एक. धुराडं पाहून ही एकदम म्हणाली, "अहो, आपल्या भागात आल्यासारखं वाटतंय." गाळप अजून सुरू व्हायचं होतं. तरीही त्या धुराड्यापासून थोड्याच अंतरावर 5 आणि 3 नॅनोमीटरच्या चिपा बनवणारा कारखाना आहे, हे मला नकाशात पाहूनही पटेना. त्याची भिंत एवढी लांब की गाडीतून जाताना संपत नाही. वर पांढऱ्या वाफेचे झोत. आवाज नाही.

पार्कच्या मधूनच वेगवान रेल्वेचा पूल जातो. ताशी 300 किलोमीटरने गाडी गेली की जमीन थरथरते, आणि चिपच्या यंत्राला केसाच्या हजाराव्या भागाएवढी थरथरसुद्धा सोसत नाही. रेल्वे सुरू होण्यापूर्वी यावरून मोठा वाद झाला आणि कंप शोषून घेण्यासाठी पुलाखाली खास बांधकाम करावं लागलं. कारखान्याला पाणी आणि वीज लागते हे कळतं, पण शांत जमीन लागते हे मी कधी शिकवलं नव्हतं.

या सहलीतली मला सर्वांत आवडलेली जागा मात्र पार्कातलं पुरातत्त्व संग्रहालय. 2019 मध्ये उघडलं. पार्कासाठी खोदकाम सुरू झालं तेव्हा जमिनीखाली एकामागून एक वस्त्या सापडत गेल्या, ऐंशीहून जास्त ठिकाणी. नानगुआनली इथली वस्ती जवळजवळ 5,000 वर्षांपूर्वीची. पुरांनी आणलेल्या गाळाच्या अनेक मीटर थराखाली ती झाकली गेली होती, म्हणून टिकली. काचेमागे भाताचे आणि राळ्याचे जळून काळे पडलेले दाणे आहेत. राळा म्हटल्यावर ही पुढे वाकली. लहानपणी त्यांच्या घरी राळ्याचा भात होत असे. आणि एक कुत्रा आहे. माणसांबरोबर राहणाऱ्या, मेल्यावर माणसांनी पुरलेल्या कुत्र्याचा सांगाडा, पाय दुमडून झोपलेला. तैवानमधल्या सर्वांत जुन्या पाळीव कुत्र्यांपैकी हा एक.

म्हणजे वर 3 नॅनोमीटरची चिप आणि खाली 5,000 वर्षांपूर्वीचा राळा, आणि दोन्हींचा आधार एकच : नदीचा गाळ आणि नदीचं पाणी. कारखान्यांच्या मालकांना आणि सरकारला घाई असणारच, तरी उत्खनन करणाऱ्यांना वेळ दिला गेला, वस्तू पार्कातच ठेवल्या, इमारत बांधली. हे मला फार मोठं वाटलं. पैठण-तेरच्या मातीत काय काय आहे हे आपण जाणतो आणि तिथे रस्ता काढताना कशी घाई करतो, तेही.

सातवा दिवस : वुशानतोउ

लेकीने गाडी भाड्याने घेतली होती. ताइनानच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी वुशानतोउ जलाशय आहे. जपानी राजवटीत अभियंता हात्ता योइची यांनी 1920 ते 1930 या काळात तो बांधला आणि चियानान मैदानभर कालव्यांचं जाळं विणलं. पाणी सगळ्या जमिनीला एकदम पुरणारं नव्हतं. म्हणून त्यांनी तीन वर्षांची पाळी लावली : एका वर्षी भात, एका वर्षी ऊस, एका वर्षी कोरडवाहू पीक. पाटी वाचून लेकीने मला सांगितलं तेव्हा मी तिथल्या कठड्यावरच बसलो. हा तर आमचा फड! पांझरेच्या बंधाऱ्याची कल्पना कुणी समुद्रापार नेली नव्हती. पाणी थोडं आणि माणसं पुष्कळ असली की शहाण्या माणसाला सगळीकडे हेच सुचतं.

तळ्याच्या काठी हात्तांचा पुतळा आहे. उभा नाही, जमिनीवर बसलेला. कामाचे कपडे, एक हात डोक्याशी, तळ्याकडे बघत विचारात गढलेला. मागे नवरा-बायकोची समाधी. 1942 मध्ये हात्तांचं जहाज बुडालं आणि ते गेले. युद्ध संपल्यावर जपान्यांना तैवान सोडावं लागणार हे ठरलं आणि 1945 च्या सप्टेंबरात त्यांच्या पत्नीने याच धरणाच्या पाण्यात उडी घेतली. ही बराच वेळ त्या समाधीपाशी उभी होती. काही बोलली नाही. पिशवीतून पर्सिमन काढून तिथे ठेवलं.

सायन्स पार्कचं पाणीही मुख्यतः याच जलाशयातून जातं. 2021 मध्ये इथलंही शेतीचं पाणी थांबलं. त्यानंतर ताइनानच्या पार्कात सांडपाणी शुद्ध करून कारखान्यांना द्यायची मोठी व्यवस्था उभी राहिली. गावाचं वापरलेलं पाणी कारखान्याला, म्हणजे धरणातलं शेताला उरेल. उशिरा सुचलं, पण सुचलं.

परतताना लेकीने विचारलं, "बाबा, ढोलेऱ्याचं काय होईल?" गुजरातेत खंबातच्या आखाताजवळ टाटांचा कारखाना उभा राहतो आहे. तंत्रज्ञान देणारी पॉवरचिप सिंचूचीच, 91,000 कोटी रुपयांचा प्रकल्प. तिचे काही मित्र तिथे जायचं म्हणत आहेत. मला आनंद आहे, मोहालीची आग पाहिलेल्या माणसाला किती आनंद असेल! पण तो सपाट, खारट जमिनीचा टापू आहे, पाणी नर्मदेच्या कालव्याचं येणार. त्या कालव्यावर आधीपासून ज्यांचं बारं आहे त्यांची नावं आजच कागदावर हवीत, आणि पाणी कमी पडेल त्या वर्षाचा नियमही. एवढंच मी तिला म्हटलं.

आठवा दिवस : कुमामोतो

ताओयुआनहून थेट जपानच्या कुमामोतोला विमान आहे, दोन तासांच्या वर थोडं. हे विमान 2023 मध्ये सुरू झालं ते चिपच्या कारखान्यामुळेच. विमानात अर्धे प्रवासी गळ्यात कंपनीची पट्टी घातलेले. टीएसएमसीच्या नव्या कारखान्यांमुळे जगाचा चिप-नकाशा सध्या असा हलतो आहे : अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात फिनिक्स, जर्मनीत ड्रेस्डेन, जपानच्या क्युशू बेटावर कुमामोतो. मुळं सिंचूतली, रोपं दूरदूर. तिन्हींत कुमामोतोचं रोप सर्वांत लवकर लागलं. 2022 च्या एप्रिलमध्ये पाया, दिवसरात्र बांधकाम, 24 फेब्रुवारी 2024 ला उद्घाटन, डिसेंबरात उत्पादन.

संध्याकाळी किल्ला बाहेरून पाहिला. 2016 च्या भूकंपात ढासळलेली तटबंदी अजून एकेक दगडाला क्रमांक घालून रचत आहेत.

नववा दिवस : किकुयो

सकाळच्या दोन डब्यांच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. उतरायचं स्टेशन हारामिझु. लेक पाटी बघून थांबली. ती चिनी वाचते आणि अक्षरं तीच आहेत. म्हणाली, "बाबा, ही दोन अक्षरं आमच्या कारखान्यात पाइपवर लिहिलेली असतात. शुद्ध करण्याआधीचं पाणी. कच्चं पाणी." चिपच्या कारखान्याजवळच्या गावाचं नावच ते.

स्टेशनाबाहेर गाजराची शेतं, मध्येच नव्या कोऱ्या चाळीसारख्या इमारती, मग पुन्हा गाजर. आणि त्यापलीकडे एकदम तो करडा, लांबलचक कारखाना. शेजारी सोनीचा जुना कारखाना, कॅमेऱ्याचे सेन्सर बनवणारा. इथे जागा निवडण्याचं एक मोठं कारण पायाखाली होतं. कुमामोतो शहरातली सुमारे 7 लाख 40 हजार माणसं नळाला येणारं सगळं पाणी भूगर्भातलं पितात. आसो ज्वालामुखीच्या राखेचे थर गाळणीसारखे आहेत. डोंगरावर पडलेला पाऊस त्यातून मुरत मुरत शहराखालच्या झऱ्यांपर्यंत पोचायला सुमारे वीस वर्षं लागतात.

ते पाणी खाली जात होतं भातखाचरांमुळेही. भाताची लागवड कमी झाली तशी भूजलाची पातळी उतरू लागली. मग सोनीने 2003 मध्ये आणि शहराने 2004 मध्ये एक साधी गोष्ट सुरू केली : शिराकावा नदीच्या मधल्या खोऱ्यात ज्या खाचरांत तेव्हा पीक नसेल, त्यांत शेतकऱ्यांनी पाणी भरून ठेवायचं आणि ते मुरू द्यायचं. त्याचे पैसे शहराने आणि कंपन्यांनी द्यायचे. आम्ही गेलो तेव्हा हंगाम संपला होता, खाचरं उघडी होती, कापलेल्या भाताचे खुंट दिसत होते. मी एका बांधावर उतरून माती चिमटीत घेतली. काळी, हलकी, रवाळ. पाणी धरून ठेवणारी नव्हेच. आपण जिला नापीक म्हटलं असतं, ती इथे शहराची विहीर भरते आहे.

नव्या कारखान्यानेही पाणी परत मुरवण्याचे करार केले आहेत. लोकांना काळजी आहेच, आणि असावी. पण सिंचूत शेतात पाणी थांबवण्यासाठी पैसे दिले, इथे शेतात पाणी सोडण्यासाठी देतात. झुलत्या पुलावरच्या आजोबांना हे गाव दाखवावं असं मला फार वाटलं.

दुपारी त्याच गावच्या हद्दीत हानागुरी इदे नावाचा पाट पाहिला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कुमामोतोचा सरदार कातो कियोमासा याने डोंगर फोडून हा काढला. पाटात ज्वालामुखीची राख बसून तो बुजेल म्हणून खोदताना मध्ये मध्ये खडकाच्या आडव्या भिंती तशाच ठेवल्या आणि प्रत्येक भिंतीला तळाशी भोक पाडलं. पाणी भोकातून घुसतं, भिंतींच्या मधल्या जागेत घुसळतं, राखेला बसूच देत नाही आणि पुढे ढकलतं. अशा सुमारे ऐंशी भिंती होत्या, आज चोवीस उरल्या आहेत. चारशे वर्षांनंतरही पाट वाहतो आहे. हानागुरी म्हणजे काय, हे लेकीने फोनवर शोधलं आणि आईला सांगितलं : बैलाच्या नाकातलं भोक.

"वेसण," ही म्हणाली.

आम्ही वरून वाकून बघत होतो. खाली अंधारात पाणी एका भिंतीपाशी वळसा घेऊन फेसाळत होतं आणि भोकातून पलीकडे जात होतं. पांझरेच्या बंधाऱ्यालाही तळाशी गाळ काढायचं दार असतं. लहानपणी वडील ते उघडायचे तेव्हा असाच आवाज यायचा. मी तो आवाज फोनमध्ये भरून घेतला.

रात्री हॉटेलात हिने नळाखाली पेला धरला. लेक म्हणाली, हे पाणी साधारण वीस वर्षांपूर्वीच्या पावसाचं असेल. त्या वर्षी ती दुसरीत होती. गार आणि गोड पाणी होतं. मी रात्री दोनदा उठून प्यायलो.